पोत्याचं वजन

(दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचे सौदे चालू आहेत. एक हमाल पोतं पाठीवर घेतो.)

निवेदन:
या हमालाच्या चेहऱ्याकडे नको, पायांकडे बघा. पोतं पाठीवर आलं की आधी गुडघे वाकतात, मग कंबर, मग मान पुढे येते. पाऊल आखूड पडतं आणि जमिनीवर जरा जास्तच वेळ टेकून राहतं. पोतं जड आहे हे त्याला सांगावं लागत नाही. कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनमधलं सगळ्यात अवघड काम हेच: जिथे मुळात वजनच नाही, तिथे ते दाखवायचं.

(दृश्य: पडद्यावर त्याच हमालाची करडी, बिनरंगाची आकृती.)

हे त्याचं मॉडेल. छोट्या छोट्या चौकोनांची पोकळ जाळी. ती आपणहून हलत नाही. म्हणून आत हाडं घालायची, सांधे बसवायचे, बाहेरून हलवायला कंट्रोल द्यायचे. याला रिगिंग म्हणतात. कोपर वाकलं की कातडीचा कुठला भाग किती ओढला जाईल, हेही ठरवून द्यावं लागतं. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही, आणि या धंद्यात सगळ्यात कमी कौतुक वाट्याला येतं ते याच कामाच्या.

सांगलीला खरं तर हे परकं नाही. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' उभं केलं, हे आपल्याला पाठच आहे. पण भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. सांधा कुठे ठेवला म्हणजे हात जिवंत वाटेल, हा प्रश्न लाकडातही होता.

(दृश्य: हाताचा पंजा, त्यावर आखलेल्या रेषा.)

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एड कॅटमल नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या डाव्या हाताचा साचा काढला, त्यावर शाईने सुमारे ३५० त्रिकोण-चौकोन आखले आणि त्यांची मापं कॉम्प्युटरला दिली. पडद्यावर तो हात बोटं मिटू-उघडू लागला. हाच कॅटमल पुढे पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक झाला.

(दृश्य: ग्राफ एडिटर, म्हणजे हालचालीचा आलेख. वक्ररेषा हळूहळू बदलते.)

आता चालवू या. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं. मुख्य पोझ आपण द्यायच्या, त्या कीफ्रेम. मधलं कॉम्प्युटर भरतो. पण तो सगळं इतकं गुळगुळीत भरतो, की हमाल पाण्यातून चालल्यासारखा तरंगतो. मग ही रेषा हाताने मोडायची. पाऊल टेकल्यावर अंग दोन-तीन फ्रेम उशिरा खाली बसवायचं. पोतं त्याहून एक फ्रेम मागे. बघा, आता जड झालं.

फ्रेमच्या हिशेबातून स्वभावही दाखवता येतो. २०१८च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'मध्ये नवशिका स्पायडर-मॅन माइल्स सुरुवातीला एकेक पोझ दोन फ्रेम धरतो, तर त्याच्याबरोबर झोके घेणारा मुरलेला पीटर प्रत्येक फ्रेमला हलतो. माइल्स कच्चा आहे हे संवादाशिवाय कळतं. मला ही युक्ती फार मोलाची वाटते.

अभिनेत्याच्या अंगावर खुणा लावून हालचाल टिपायची, हा मोशन कॅप्चरचा रस्ताही आहे. न्यूझीलंडच्या वेटा स्टुडिओने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांमधला गोलम असाच उभा केला.

शेवटी रेंडरिंग, म्हणजे उजेड कुठे पडेल, सावली किती गडद, याचं गणित. १९९५च्या 'टॉय स्टोरी'साठी पिक्सारने ११७ कॉम्प्युटर जुंपले होते. फ्रेम होत्या १,१४,०००हून जास्त.

एवढा पसारा सांगलीत कुठून आणायचा? आज तो लागत नाही. २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो उभे केले आणि ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं. त्यातच केलेल्या लाटव्हियाच्या 'फ्लो' या अ‍ॅनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. तेच ब्लेंडर इथल्या पोरांना फुकट मिळतं. पिवळ्या धुळीतला हमाल मात्र लाटव्हियात नाही, तो रोज इथे दिसतो.

(दृश्य: आकृती पोतं खाली टाकते. हळदीची धूळ उडते.)

ही धूळ सिम्युलेशनची. वारा किती, कण किती, एवढं सांगितलं की कॉम्प्युटर ती उडवतो. पोतं उतरल्यावर हमालाचा खांदा वर येतो, तो मात्र अजून चुकतोय. फार लवकर येतो. त्याला आणखी चार फ्रेम द्यायला हव्यात.