पाइक काठावर घेताना

मंडळी, पाइक हा शिकारी मासा पहिल्यांदा जवळून पाहणाऱ्याची नजर त्याच्या जबड्यावर खिळते आणि तिथून हलत नाही. ते साहजिकच आहे. खालच्या जबड्याच्या कडेने सुळे, आणि टाळूवर ब्रशच्या केसांसारखे दाट, घशाकडे झुकलेले शेकडो बारीक दात. जीभसुद्धा दातेरी. एकदा आत गेलेलं भक्ष्य पुढेच सरकत जावं, मागे येऊच नये, अशी ही रचना आहे. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड गोड्या पाण्यात हा मासा आढळतो. त्याचा मोठा भाऊबंद मस्की फक्त उत्तर अमेरिकेत मिळतो. आज मी जे सांगणार आहे ते थोड्या फरकाने दोघांनाही लागू पडतं.

इतकी वर्षं हा मासा धरताना आणि इतरांना धरताना पाहून माझं एक ठाम मत झालं आहे. दातांची भीती जितकी नुकसान करते तितकं दात करत नाहीत. घाबरलेला माणूस मासा हातात धरत नाही. तो त्याला खडीवर ओढतो, पायाने दाबतो, कोरड्या फडक्यात गुंडाळतो. पूर्वी तर डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून पाइक उचलायची पद्धत होती, आणि तीही दातांपासून लांब राहण्यासाठीच. सोडून दिल्यावर तो मासा पोहत जातो खरा, पण अंगावरचा बुळबुळीत थर खरवडलेला असतो, डोळे गेलेले असतात. हा थर म्हणजे त्याचं संरक्षण. तो निघाला की बुरशीला आणि जंतूंना वाट मोकळी. चेहऱ्याने हा मासा कितीही उग्र दिसला तरी हाताळणीच्या बाबतीत फार नाजूक आहे, हे आधी मनात पक्कं करा.

सुरुवात पाण्यात गळ टाकण्याआधी होते. पाइकच्या दातांपुढे साधी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, टिकत नाही. सुळ्यावर घासली की तुटते आणि मासा गळ घेऊन जातो. म्हणून आमिषाच्या वर तारेचा लीडर, म्हणजे आमिष आणि तंगूस यांना जोडणारा तुकडा, हवाच, आणि तो किमान 45 सेंटीमीटर लांब असावा. लांबी का, तर पाइकचं डोकं शरीराच्या सुमारे चौथा हिस्सा असतं, आणि झुंजताना तो स्वतःभोवती गिरक्या घेतो. आखूड तार असली की तंगूस दातांवर येते. फ्लुरोकार्बनच्या पातळ, पारदर्शक तंगुसावर विसंबू नका.

दुसरं, गळांच्या टोकामागचे उलटे काटे पकडीने (पक्कडीने) दाबून सपाट करा. तंगूस ताणलेली ठेवली तर मासे फारसे निसटत नाहीत. पण सोडवताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि गळ तुमच्या बोटात शिरला तर त्याहूनही जास्त. नकली आमिषाला दोन-तीन तिहेरी गळ असतात, म्हणजे सहा ते नऊ टोकं. मासा एका गळाला लागलेला असतो. बाकीची टोकं मोकळी असतात आणि प्रत्येक हिसक्यासरशी हवेत फिरतात. माझ्या लेखी सगळ्यात मोठा धोका हाच. डोळ्यांवर चष्मा ठेवा.

अवजारांपैकी तीन नसतील तर पाइकच्या मागे जाऊच नका. लांब चोचीची, 25 ते 30 सेंटीमीटरची पकड. पोलादी गळ सहज तोडणारा कटर, आणि तो खरंच तोडतो का हे घरी जुन्या गळावर करून बघा, कारण तारा कापणारे बरेच कटर गळापुढे हरतात. आणि मोठ्या तोंडाचं, बिनगाठीचं, रबराचा लेप असलेलं हातजाळं. गाठींच्या जाळ्यात पर फाटतात, आणि साध्या सुती-नायलॉन जाळ्यात तिहेरी गळ असे गुंततात की ते सोडवण्यातच माशाचा जीव जातो. जबडा फाकवणारी स्प्रिंग विकत मिळते. तिच्या टोकांनी तोंड फाटतं, आणि नीट धरता आलं तर तिची गरजच उरत नाही.

आता मासा लागला आहे. पाइक कधी कधी निमूटपणे काठाजवळ येतो आणि जाळं दिसताच उसळी घेतो. त्या क्षणी रीळचा ड्रॅग, म्हणजे तंगूस किती ताणावर सुटते ते ठरवणारा ब्रेक, घट्ट असला तर काहीतरी तुटतं किंवा गळ सुटून तुमच्या दिशेने येतो. मासा जवळ आला की ड्रॅग थोडा सैल करा. जाळं आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि माशाला डोक्याकडून त्याच्यावर आणा. जाळं घेऊन माशाचा पाठलाग करू नका. मात्र सैल म्हणजे लांबवणं नव्हे. हलक्या काठीवर मासा पार थकेपर्यंत खेळवणं हा मला क्रूरपणा वाटतो. त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं, आणि पाणी कोमट असेल तर सोडल्यावरही तो सावरत नाही. काठी आणि तंगूस दमदार ठेवा, झुंज थोडक्यात आटपा.

मासा जाळ्यात आला की लगेच वर उचलण्याची घाई नको. जाळं पाण्यातच राहू दे. मासा तिथे श्वास घेतो आहे, तोवर तुम्ही पकड हातात घ्या, मासा ठेवायची मऊ मॅट पसरा, तिच्यावर पाणी ओता. गळ ओठात असेल तर मासा पाण्याबाहेर न काढता तिथेच सुटतो. उचलायचाच असेल तर दांड्याने नको, जाळ्याची चौकट दोन्ही हातांनी धरून उचला.

आता मासा हाताने कसा धरायचा त्याकडे येतो. मॅटवर गुडघे टेका. हात ओले करा. कल्ल्याच्या झाकणाखाली चार बोटं सरकवा, झाकणाच्या आतल्या बाजूला अगदी चिकटून, आणि हनुवटीच्या दिशेने पुढे न्या, जिथे दोन्ही बाजू जुळतात तिथपर्यंत. अंगठा बाहेरून हनुवटीवर. या जागी दात नाहीत. बोटं आतल्या लाल कल्ल्यांना लागू द्यायची नाहीत, कारण ते फाटले तर रक्तस्राव होतो. आणि कल्ल्यांच्या कमानींवरचे काटे तुमचीही कातडी सोलतात. बाहेरच्या झाकणाला चिकटून राहिलात तर दोघंही सुरक्षित. असं धरून डोकं हळूच वर उचललं की तोंड आपोआप उघडतं. पहिल्या वेळी शेजारी जाणकार माणूस असावा. ही गोष्ट ऐकून अर्धीच येते, हाताला हात लावून दाखवली की कायमची येते.

आमिष खोल गिळलेलं असेल तर? मुळात ती वेळ येऊ देऊ नये. पाइक भक्ष्य आडवं पकडतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. हालचाल दिसताच झटका दिला तर गळ तोंडातच लागतो, वाट पाहिली तर पोटाकडे जातो. तरीही गेलाच, तर मासा पाठीवर ठेवा, तार हळूच ताणा. घशाचा भाग वर येतो आणि गळ दिसू लागतो. पकड कल्ल्याच्या फटीतून बाजूने आत न्या, गळाची दांडी धरा आणि गळ उलटा फिरवा. काटा दाबलेला असेल तर तो सुटून येतो. नाहीच सुटला तर ओढाताण न करता कटरने तोडा. गळ दोन रुपड्यांचा असो की महागडा, त्याचा हिशेब इथे करू नये.

फोटोबद्दल दोन शब्द. हवेत कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि माशाला प्राणवायू मिळेनासा होतो. तुम्ही मासा उचलताना स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला सोडावा लागला की मासाही पाण्यात गेला पाहिजे. हनुवटीला लटकवून उभा धरू नका, जबड्याच्या चिमट्याने तर मुळीच नको. सर्वात मोठे पाइक माद्या असतात आणि हिवाळ्याच्या अखेरीस त्यांचं पोट अंड्यांनी भरलेलं असतं. दुसरा हात पोटाखाली घाला, मासा आडवा ठेवा, मॅटपासून फार उंच नेऊ नका.

पाण्यात त्याला सरळ, पोट खाली राहील असा धरा. पुढे-मागे हलवण्याची सवय बऱ्याच जणांना आहे, पण मागे खेचल्याने कल्ल्यांतून पाणी उलट वाहतं. वाहतं पाणी असेल तर तोंड प्रवाहाकडे करा, एवढं पुरे. ताकद आली की तो स्वतः हात सोडवून घेतो. आणि पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की पाइकला गळ टाकू नका, हे मी कळकळीने सांगतो. 10 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 25 अंशाला तो 8 च्या आसपास येतो, आणि नेमकी तेव्हाच थकलेल्या माशाची गरज वाढलेली असते.

शेवटी आपल्या स्वतःच्या हातांविषयी. गळ बोटात शिरला आणि मासाही त्याच आमिषाला लागलेला असेल, तर पहिलं काम एकच: कटरने गळ तोडून मासा वेगळा करणं. उरलेला तुकडा सांध्यात, खोल किंवा डोळ्याजवळ असेल तर तिथे हात न लावता दवाखाना गाठा. दाताचा ओरखडा लहान वाटला तरी स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते तपासा. मासे हाताळणाऱ्यांना एरिसिपेलोथ्रिक्स नावाच्या जंतूचा संसर्ग होतो. काही दिवसांत बोट जांभळट-लाल होऊन ठणकतं. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा दुसरा जंतू तर काही आठवड्यांनी गाठी घेऊन उगवतो, तोवर जखम विसरलेली असते. म्हणून डॉक्टरांकडे गेलात तर नुसतं खरचटलं असं सांगू नका. ही जखम माशाची आहे आणि पाण्यात झाली, हे आधी सांगा. त्यावर औषध ठरतं.