उडालेला ॲम्प: उघडायचा की बदलायचा?

टेबलावर हा जो ॲम्प, म्हणजे गाडीतल्या स्टिरिओचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, उताणा पडलाय, त्याचे मालक इथंच दुसऱ्या रांगेत बसलेत. नाव सांगू नका म्हणालेत, सांगत नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा, दोन चॅनलचा, क्लास एबी, म्हणजे जुन्या, जास्त तापणाऱ्या बांधणीचा. अंगावर १२०० वॉट छापलंय आणि या कडेला दोन फ्यूजच्या खाचा आहेत, त्यांच्यापाशी २५-२५ लिहिलंय. गेल्या रविवारी गाडीत फट् असा आवाज झाला, वास सुटला आणि वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, बंद. यांनी दोन ठिकाणी विचारलं. एकजण म्हणाला, टाका नवा, आता कोण दुरुस्त करत बसतंय. दुसऱ्यानं झाकण न काढताच दुरुस्तीचा आकडा सांगून टाकला. माझा दोघांवरही विश्वास नाही.

उघडण्याआधी एक सांगतो. ‘ॲम्प गेला’ म्हणून माझ्याकडे पिशवीतून जे येतात, त्यातले काही गेलेलेच नसतात. दिवाच लागत नसेल तर आधी रिमोटची वायर बघा, स्टिरिओतून मागं येणारी ती बारीक निळी वायर. स्टिरिओ चालू केल्यावर तिच्यावर १२ व्होल्ट यायला हवेत. नाही आले तर ॲम्प झोपूनच राहणार. लाल ‘प्रोटेक्ट’ दिवा लागत असेल तर स्पीकरच्या आणि आरसीएच्या, म्हणजे स्टिरिओतून गाणं आणणाऱ्या, सगळ्या वायरी काढा. फक्त पॉवर, अर्थ आणि रिमोट ठेवा. लाल दिवा गेला तर ॲम्पनं स्वतःला वाचवलंय, दोष बाहेर आहे. वूफरची कॉइल जळून शॉर्ट झालेली असते, नाहीतर सीटच्या पट्टीखाली वायर सोलपटलेली असते. सगळं काढूनही लाल राहिला तर बहुधा आउटपुटचे, म्हणजे स्पीकरला आवाज देणारे, ट्रान्झिस्टर. आणि रिमोट न देताच, नुसती बॅटरी जोडल्याबरोबर फ्यूज उडत असेल तर पॉवर सप्लायचे मॉस्फेट, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर. बॅटरी कधी उलटी जोडली गेली असेल तरीही हेच होतं, कारण आत एक डायोड त्यासाठीच मरायला ठेवलेला असतो. तो एकटा गेला असेल तर नशीब समजा, दहा मिनिटांचं काम.

आपल्या पाहुण्याचं दुखणं हेच. बॅटरी जोडली की फ्यूज खलास.

आता आत काय चालतं ते थोडक्यात. गाडीत १२ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. एवढ्या व्होल्टेजवर स्टिरिओ ४ ओमच्या स्पीकरला खरे २० वॉट दिले तरी खूप, खोक्यावर ५० छापलेले असोत. म्हणून ॲम्पच्या आत आधी एक छोटं वीजघर असतं. टीएल४९४ नावाची चिप, १९८० च्या दशकापासून चालत आलेली, मॉस्फेटना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते, ते या फेराइटच्या कड्यावरच्या तारेतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, करंट सोडतात आणि दुसऱ्या बाजूला समजा अधिक ३० आणि उणे ३० व्होल्ट तयार होतात. तेवढ्यावर ४ ओमला शंभरेक वॉट निघतात. म्हणजे ॲम्पचे दोन भाग: इकडं वीजघर, तिकडं आवाज. कुठला भाग गेला आणि जाताना त्यानं शेजाऱ्याला ओढलं का, यावर निम्मा निर्णय होतो.

हे बघा, पुढच्यांना दिसेल. आठ मॉस्फेट, चार-चारच्या दोन ओळी. या तिसऱ्याच्या पोटावर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडलाय, आतला करडा भाग दिसतोय. मल्टिमीटर डायोडवर ठेवतो. चांगल्या मॉस्फेटवर प्रोब एका बाजूनं लावले तर ०.५ च्या आसपास आकडा येतो आणि उलटे लावले तर काही नाही. ही ओळ… ०.५, ठीक. ही दुसरी… बीप. हा पण बीप, हा पण, हा पण. चारही गेले? तसं नसतं. चारही समांतर जोडलेत, त्यामुळं एक शॉर्ट झाला की चौघांवर शून्य दिसतं. सोल्डर काढून एकेक बाहेर घेतला की खरा मेलेला कळतो. मी मात्र एक गेला तरी आठही बदलतो, एकाच लॉटचे. जुन्या सात जणांनी शेवटच्या क्षणी काय सोसलंय ते मीटर सांगत नाही आणि नव्या-जुन्याची जोडी एकसारखं ओझं उचलत नाही.

मॉस्फेट मरताना गेटमधून, म्हणजे त्याला हुकूम देणाऱ्या पायातून, मागं झटका देतो. म्हणून गेटचे छोटे रेझिस्टर, इथं ४७ ओमचे आहेत, एकेक मोजायचे. त्यांच्यामागचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर मोजायचे. हे न बघता नुसते मॉस्फेट लावणारा कारागीर पुन्हा तुमच्याकडूनच पैसे घेणार. सगळं लावून झालं की मी पहिली पॉवर थेट कधीच देत नाही. मध्ये हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब मालिकेत जोडतो. आत शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि पार्ट वाचतात. आणि मॉस्फेट उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकला आवळल्याशिवाय चालू करायचे नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत ‘एक सेकंद बघू’ म्हणून मी चालू केला होता. पाच मिनिटांपूर्वी लावलेले मॉस्फेट गेले.

मागून प्रश्न आलाय, पार्ट खरे कुठं मिळतात? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात आणि खोटेही तिथंच मिळतात. आउटपुटला लागणारा सी५२०० आणि त्याचा जोडीदार ए१९४३, यांच्या नकला सर्रास असतात. बाहेरून अक्षरंसुद्धा नीट छापलेली. मी नव्या लॉटमधला एक पकडीत धरून फोडतो. खऱ्याच्या आत सिलिकॉनचा चांगला ऐसपैस चौकोन असतो, खोट्याच्या आत नखाच्या कोपऱ्याएवढा. १५ ॲम्पियर तो कुठून वाहणार! एक ट्रान्झिस्टर वाया जातो, पण परत आलेलं गिऱ्हाईक त्याहून महाग पडतं.

आता कुठं ‘नवाच घ्या’ म्हणतो ते. एक म्हणजे बोर्ड कोळसा झालेला असला तर. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला ॲम्प माझ्याकडे आला होता. फ्यूज उडाला नाही, त्याऐवजी बोर्डावरची तांब्याची पट्टी उडाली आणि खालचं फायबर काळं पडलं. जळून काळं झालेलं फायबर वीज वाहून नेतं. वर कितीही सुबक जोडणी केली तरी खालून गळती चालूच. दुसरं म्हणजे नवे छोटे क्लास डी. तळहातावर मावतात, गरम कमी होतात, माझी तक्रार नाही. पण काहींच्या आतल्या चिपांचे नंबर कारखान्यातच घासून टाकलेले असतात, नाहीतर वर काळी राळ ओतलेली असते. नंबरच नाही तर पार्ट कुठला मागू? तिथं मी हात जोडतो.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये आपल्या कोल्हापूर-सांगलीकडं गाड्या बुडाल्या, आणि ॲम्प असतो कुठं? सीटखाली, डिकीत. धुऊन, वाळवून चालू झालेले कितीतरी परत आले, कारण गाळ ट्रान्सफॉर्मरच्या तारांत आणि चिपांच्या पायांखाली बसतो आणि सावकाश खातो. पुरातला ॲम्प चालू झाला तरी मी त्याची हमी देत नाही.

दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर गेली तर नवा घ्या, असा एक हिशोब सगळे सांगतात. चूक नाही, पण निम्मी किंमत कशाची? तुम्ही तुलना करता ती खोक्यावरच्या वॉटशी. हा १२०० वॉटवाला घ्या. दोन फ्यूज मिळून ५० ॲम्पियर, गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे ६९० वॉट आत येतात. क्लास एबी त्यातले साठेक टक्के बाहेर देतो, बाकीची उष्णता. म्हणजे चारशेच्या आसपास. १२०० कुठून आले ते छापणाऱ्याला विचारा. पण हे चारशे खरे आहेत, आणि आज दुकानात ‘३००० वॉट’ लिहिलेल्या ज्या डब्यावर ३० चा एकच फ्यूज आहे, तो याला गाठत नाही. नवा घेणारच असाल तर सीटीए-२००६ या ॲम्पचे वॉट मोजण्याच्या प्रमाणानुसार मोजलेला आकडा मागा: १४.४ व्होल्ट, ४ ओम, विकृती १ टक्क्याच्या आत. त्या आकड्याच्या ॲम्पची किंमत धरा आणि मग तिची निम्मी करा. पुष्कळदा जुना दुरुस्त करणंच स्वस्त निघतं.

या सगळ्यापेक्षा मी ज्याला जास्त वेळ देतो ती गोष्ट ॲम्पमध्ये नसते, गाडीत असते. एकजण नवा कोरा ॲम्प घेऊन आला, आठव्या दिवशी उडालेला. जुनाही तसाच उडाला होता, म्हणून तर नवा घेतलेला. म्हटलं गाडी दाखवा. अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली दाबलेली, बोल्टखाली रंग तसाच. पॉवरची वायर जाडजूड दिसत होती, खरवडली तर आत पांढरी: अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. जोरात गाणं लागलं की ॲम्पपाशी व्होल्टेज खाली जायचं, तेवढेच वॉट काढायला करंट वाढायचा आणि मॉस्फेट तापून मरायचे. दोन ॲम्पचे पैसे त्या बोल्टखाली गेले. रंग घासायला पॉलिश पेपरचा तुकडा पुरला असता.

म्हणून मालकांना मी आल्या आल्या विचारलं, वूफर किती, जोडणी कशी? वूफर दोन, ४-४ ओमचे, समांतर, आणि ॲम्प ब्रिज केलेला, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच जोडणी. म्हणजे २ ओम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला त्याचंही निम्मं दिसतं, १ ओम; आणि ओम जितके कमी, तितकं ओझं जास्त. आणि इथं मागं स्पष्ट लिहिलंय, ब्रिज केल्यास कमीत कमी ४ ओम. मग फ्यूज पाहिले. पंचवीसचा फ्यूज पारदर्शक असतो. हे दोन्ही नारिंगी आहेत, चाळीसचे. कुणी घातले? …बघा, हसतायत.

आउटपुटचे ट्रान्झिस्टर मी सकाळी मोजले, सगळे ठीक आहेत. बोर्ड स्वच्छ आहे, कड्याच्या तारेवरचं वॉर्निश काळं पडलेलं नाही. आठ मॉस्फेट, आठ रेझिस्टर आणि अर्ध्या दिवसाचं काम. हा मी दुरुस्त करणार. पण गाडी दारात आणल्याशिवाय आणि त्या खाचांत पारदर्शक फ्यूज बसल्याशिवाय परत देणार नाही. वूफरचं दोघांपैकी एक करायचं: एकच ठेवा, नाहीतर ब्रिज सोडून एकेका चॅनलवर एकेक लावा. आवाज थोडा उतरेल. चालेल ना?

आता ज्यांना बघायचंय त्यांनी पुढं या. मॉस्फेट अजून काढलेले नाहीत, मीटर चालू आहे. अक्षरं आपल्याकडं असताना काळा प्रोब मधल्या पायावर, लाल उजवीकडच्या. खालच्या ओळीपासून सुरुवात करा, वरची बीप देते.