वावराले धुरा, गावाले शीव

(दृश्य : कपाशीच्या कडेला, निंबाखाली शेंदूर फासलेला दगड.)

शेंदराची इतकी पुटं चढलीत, की खालचा दगड कसा असेल ते कळत नाही. समोर नारळाची करवंटी, तिच्यात मुंग्या. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव इथं संपतं. पांदणीनं बैलबंडी घेऊन आलेल्या आजोबांना विचारलं, ही हद्द कशाची? म्हणाले, "वावराले धुरा असते बाप्पा, गावाले शीव." वावर म्हणजे शेत, आणि त्याच्या कडेचा बांध तो धुरा.

हद्द हा शब्द अरबीतून आला. शीव त्याहून जुनी, मूळ संस्कृत सीमा. दोन स्वरांमधला म मराठीत येताना पुष्कळदा व झाला : ग्रामाचं गाव, नामाचं नाव, आमलकाचा आवळा. सीमेतल्या म चंही तेच झालं. आणि पुढं इ-ई असली की स चा पुष्कळदा श होतो. सिंदूरचा शेंदूर झाला तो असाच. म्हणजे हा दगड आणि त्याला फासलेला रंग, दोघांची नावं एकाच वळणानं मराठीत आलीत.

संस्कृतात सीमन् म्हणजे केसांतला भांगसुद्धा. दोन्हीकडे दाट कपाशी आणि मधून गेलेली ही पांदण पाहिली, की ते लगेच पटतं.

लग्नातलं सीमांतपूजन इथलंच. वऱ्हाड शिवेवर यायचं, मुलीकडचे तिथं जाऊन नवरदेवाची पूजा करायचे. आता ते मंगल कार्यालयातच, जेवणाआधी उरकतात.

गावागावांत शिवेचा तंटा लागला, की जुन्या गावगाड्यात महाराची साक्ष मोलाची धरत. गावाची शीव कुठून कुठं जाते, हे तो सांगणार. त्याचं घर मात्र गावकुसाबाहेर. शीव त्याच्या शब्दावर ठरायची, आणि वेशीच्या आत त्याला जागा नव्हती.

शिवार हा शब्दही याच घरचा : गावाच्या शिवेतली सगळी शेतजमीन. मुंबईचं सायन म्हणजे तर थेट शीवच, मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली. इंग्रजी स्पेलिंगनं तिचं रूप पालटलं, इतकंच.

(दृश्य : बंडी दगड ओलांडून पुढं जाते.)

आजोबांचं वावर या दगडाच्या दोन्ही बाजूंना आहे. सलग ओळी, एकच कपाशी, मध्ये धुरासुद्धा नाही. सातबारे मात्र दोन, दोन गावांचे.