सुई कसाले टोचतस?

(शहाद्यात प्राथमिक शिक्षक आणि अंगणवाडीसेविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जन्मल्यावरची क्षयरोगावरची बीसीजी, सहा, दहा, चौदा आठवड्यांची पाच आजारांवरची पेंटा, नऊ महिन्यांनंतरची गोवर-रुबेला, या लशी बाळाला विचारून देत नाही आपण. पण पाच-सहा वर्षांचं मूल डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरला, म्हणजे वाढीव डोसला येतं ते बोलतं मूल असतं. ते आईच्या पदराआड लपतं, हिसडा मारून पळतं, आणि अहिराणीत विचारतं: “सुई कसाले टोचतस?” म्हणजे सुई कशाला टोचता?

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो? “काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं.” घरी जेवताना त्याने ऐकलेलं असतं, “गुमान खा, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील.” एकदा सुई म्हणजे काहीच नाही, एकदा सुई म्हणजे शिक्षा. मला या दोन्ही वाक्यांचा मनापासून राग येतो. थोडं दुखतं, लवकर थांबतं, हे खरं सांगितलं तर मूल रडेल, पण पुढच्या वेळी तुमचं ऐकेल.

आता आपल्या हातात टॅब आहेत, काही शाळांत प्रोजेक्टर आहेत. लसीकरणावरचे खेळही मिळतात, पण त्यातले बरेच बंदुकीचे असतात. लस म्हणजे गोळी, जंतू म्हणजे हिरवा राक्षस, ढिशांव, संपला. मुलं खूश होतात आणि चुकीचं शिकतात. लस स्वतः जंतूला मारत नाही. ती शरीराला जंतूची ओळख करून देते, लढतं शरीरच. हे दाखवायचं तर खेळ ओळखण्याचा हवा. पडद्यावर एक वेडावाकडा आकार येतो, त्यात बरोबर बसणारा तुकडा ढिगातून शोधायचा. पहिल्यांदा बराच वेळ जातो, तोवर पडद्यावरच्या मुलाला ताप चढतो. तोच आकार पुन्हा आला की बोट क्षणात योग्य तुकड्यावर जातं. पहिलीतल्या मुलाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

दुसरा एक खेळ मी मुलांसोबत बसून पाहिला, तो सविस्तर सांगतो. चार मुलांत एक टॅब. पडद्यावर एक गाव, ओट्यांवर माणसं, एका दारात झोळीत तान्हं बाळ. कानबाईच्या सणाला, रोटांसाठी पाहुणे येतात, त्यातल्या एका पोराला गोवर आहे. पाहुणे यायच्या आधी लशी कुणाकुणाला द्यायच्या ते मुलांनी ठरवायचं. पहिल्या डावात त्यांनी आपल्या वयाची चार-पाच पोरं निवडली आणि बाकीच्या लशी तशाच ठेवल्या. लाल ठिपके या ओट्यावरून त्या ओट्यावर गेले, शेवटी झोळीपर्यंत पोचले. सगळे गप्प झाले. दुसऱ्या डावात एक मुलगी आधी झोळीवरच बोट दाबायला लागली. काहीच होईना. “याले काब्रं (का) देता येत नही?” ताईंनी सांगितलं, “ते आठ महिन्यांचं आहे, त्याची गोवरची लस नऊ महिने झाल्यावर.” मुलीने थोडा विचार केला आणि झोळीच्या आजूबाजूच्या प्रत्येक माणसाला लस दिली, मग बाकीच्या गावाला. ठिपका दोन घरांत थांबला.

कुणालाच संरक्षण नसेल तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो. तो पसरू द्यायचा नसेल तर साधारण ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. हे आकडे तिला कुणी सांगितले नव्हते. बाळाला वाचवायचं तर भोवतालच्यांना लस हवी, हे तिने स्वतः केलं. म्हणून मी सांगतो, जो खेळ मुलाला चुकू देतो आणि पुन्हा करू देतो, तोच निवडा. नुसतं बटण दाबून पुढचं चित्र येत असेल तर तो व्हिडिओच आहे. आणि एका मुलाला एक टॅब देऊ नका, भांडण व्हायला चार डोकी लागतात. त्या भांडणातच शिकणं होतं.

लशीच्या इतिहासात मुलं पहिल्यापासून आहेत. १७९६ साली इंग्लंडमधले डॉक्टर जेन्नर यांनी देवीची पहिली लस टोचली ती आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला दिली. तिच्या दंडावरच्या फोडातून ती पुढच्या मुलांना दिली आणि तिथून मुंबईबाहेर गेली. ही गोष्ट वर्गात जरूर सांगा.

आता आपल्या भागाचं. धडगाव, अक्कलकुव्याकडे रेंजचा भरवसा नाही, तेव्हा खेळ इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं कामाला गुजरातेत जातात, डोस तिथेच चुकतात. खेळातल्या कुटुंबालाही गाव सोडताना गाठोड्यात लसीचं कार्ड ठेवायला लावा. मूल आईला आठवण करून देईल.

लसीच्या दिवशी मूल आईच्या मांडीवर ताठ बसलेलं असू द्या, आडवं पाडून दाबून धरू नका. टोचताना टॅब त्याच्या हातात असला तर चांगलंच. नंतर अर्धा तास थांबायचं असतं, तेव्हा टॅब आईकडे द्या. कोणती लस दिली, ताप किंवा सूज आली तर काय करायचं, पुढचा डोस कधी, कार्ड जपून ठेवा, या चार गोष्टी सिस्टर सांगतातच, पण गर्दीत घाईने. त्या रेकॉर्ड करा, अहिराणीत, पावरीत, भिलोरीत, गावातल्याच सेविकेच्या आवाजात. मोबाइल तुमच्या हातात आहे, सुरुवात येत्या लसीकरणाच्या दिवसापासून करता येईल.