कंसातले तीन शब्द

(पदव्युत्तर विद्यार्थी व तरुण अध्यापकांच्या संशोधन कार्यशाळेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विषय ‘संशोधनप्रश्न ते अनुदान-प्रस्ताव’ असा पत्रिकेत छापलाय. मला 45 मिनिटं दिली होती. त्यातली 12 समईने खाल्ली, कारण पंख्यापुढे वात पेटत नव्हती आणि पंखा बंद करायचा अधिकार कोणाचा, यावर एकमत होत नव्हतं. आजच्या विषयाची सुरुवात तिथेच झाली, असं समजा.

1911 साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन निघाली. 1949 साली तिचीच आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, झाली. जुन्या नावात ‘फंड’ होता, नव्या नावातून तो गेला. तेव्हापासून आपण सगळे तो शोधतोय.

माझं एक जुनं म्हणणं आहे, माझ्या रेसिडेंट्सना ते ऐकून ऐकून पाठ झालंय. प्रस्ताव लिहून झाला की आधी गाइडला दाखवू नका, लेखा विभागातल्या क्लार्कला दाखवा. हसा, पण अनुदान तुम्हाला मिळत नसतं हे लक्षात घ्या. पीआय, म्हणजे मुख्य संशोधक, म्हणून नाव तुमचं. पैसा विद्यापीठाच्या खात्यात जातो, यंत्र विद्यापीठाच्या डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढतं आणि सह्या कुलसचिव आणि वित्त अधिकाऱ्यांच्या लागतात. आपण मेहनत घेतो दूरवरच्या परीक्षकासाठी. खरा वाचक दोन मजले खाली बसलेला असतो.

आमचा गरोदर स्त्रियांमधल्या रक्तक्षयावर प्रोजेक्ट होता. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, मोजायला सीरमचे नमुने उणे 20 अंशांवर ठेवायचे. बजेटमध्ये मी ऐटीत लिहिलं, ‘डीप फ्रीझर, नग 1’. मंजुरी आली, खरेदी झाली, जानेवारीत खोका आला. उघडून पाहतो तर प्लग 16 अँपिअरचा, जाड पिनांचा, आणि भिंतीवरचं सॉकेट टेबलफॅनच्या लायकीचं. शिवाय आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज असं की ट्यूबलाइट डोळे मिचकावते. म्हणजे स्टॅबिलायझर आला.

टिपणी टाकली. आठ दिवसांनी फाइल परत, समासात शेरा: ‘स्टॅबिलायझर हे उपकरण की उपभोग्य वस्तू? खुलासा करावा.’ मी लिहिलं, उपकरण. शेरा: ‘मंजूर अंदाजपत्रकात उपकरण एकच आहे.’ बरं, मग उपभोग्य. शेरा: ‘पूर्वीच्या खुलाशात उपकरण म्हटले आहे. विसंगती दूर करावी.’ वैतागून म्हटलं, खिशातून आणतो. तर खासगी वस्तू संस्थेच्या सॉकेटला जोडायला परवानगी लागते, आणि सॉकेट तर मुळात नव्हतंच!

तोवर नमुने रक्तपेढीच्या फ्रीझरमध्ये. तिथल्या बाईंनी आमच्या रॅकवर चिठ्ठी डकवली होती, ‘पाहुणे’. महिन्याभराने त्याखाली दुसरी ओळ आली, ‘कधी जाणार?’ आणि आमच्या नव्या फ्रीझरवर शिपायाने वर्तमानपत्र अंथरून चहाचे कप मांडायला सुरुवात केली होती.

मार्च आला. यूसीची घाई. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, आलेले पैसे मंजूर कामावरच खर्च झाले याचा दाखला, सरकारी वित्तीय नियमांतला नमुना जीएफआर 12-अ. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. मी लेखा विभागात भांडायला गेलो. भाऊसाहेबांनी, नाव नको, आम्ही त्यांना भाऊसाहेबच म्हणायचो, चष्मा कपाळावर सरकवला, माझं बजेटचं पान काढलं आणि पेन्सिलीने लिहून दाखवलं: ‘डीप फ्रीझर (स्टॅबिलायझर व जोडणीसह)’. म्हणाले, “सर, एवढं लिहिलं असतं तर मला शेरा मारायला जागाच उरली नसती.”

मी पी व्हॅल्यू, तो संख्याशास्त्रातला आकडा, तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिणारा माणूस. कंसातले तीन शब्द मला सुचले नव्हते. पैसे बजेटच्या एका शीर्षातून दुसऱ्यात वळवायची परवानगी अखेर आली आणि फ्रीझर मे महिन्यात सुरू झाला. पहिल्या रात्री त्यात काय ठेवलं होतं ते सांगत नाही, एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिव समोर बसल्यात.

चिठ्ठी आलीय, ‘5 मिनिटे’. बाप रे. तर संशोधनप्रश्न. तो वॉर्डातून येऊ द्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांपुढे कोकणातला लाल विंचू चावलेले रुग्ण फुप्फुसांत पाणी होऊन दगावत होते. ते रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपत राहिले. 1982 मध्ये ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर वापरात आली. तुमचा प्रश्न एका वाक्यात मावत नसेल तर ते दोन प्रस्ताव आहेत, एक ठेवा. उद्दिष्टं तीनच्या वर नकोत. नमुनासंख्या काढायला संख्याशास्त्रज्ञाकडे आधी जा, डेटा घेऊन नंतर गेलात तर तो फक्त हळहळेल.

भरभर सांगतो. एथिक्स कमिटीची मान्यता. कमिटी 2019 च्या नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे नोंदलेली आहे ना, ते बघा. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी, 2009 पासून सक्ती आहे. परदेशी भागीदार असेल तर एचएमएससी, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता, त्याला वेळ धरा. अध्यापकांनो, तुमच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस, म्हणजे अल्पकालीन संशोधन विद्यार्थीवृत्ती, 1979 पासून आहे. त्यांना तिथे हात बसवू द्या. विद्यापीठाच्या संशोधन कक्षाकडे शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, सही करणारे साहेब त्याच दिवशी बैठकीला गेलेले असतात. अनुदानावर बँकेत व्याज सुटलं तर ते आपलं नाही, परत करायचं. मनुष्यबळाचे पगार अनुदान देणाऱ्या संस्थेच्या दरानेच लावा.

स्लाइड 9 ते 31 राहिल्या. असू द्या, मेल करतो. जेवण लागलंय. ज्यांनी बजेटचं पान आणलंय त्यांनी माझ्या टेबलाशी या. पेन्सिल आहे माझ्याकडे.