क्रूझला निघताना गेटवर किती वाजता पोचायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा ओसरला की मुंबईच्या बॅलार्ड पियरवर क्रूझचा हंगाम सुरू होतो, तो थेट मे महिन्यापर्यंत. गोवा, लक्षद्वीप, कोची, कुठलीही बोट तुम्ही बुक केली असेल, तरी माझं सांगणं एकच आहे. तुम्हाला चेक-इनचा जो स्लॉट दिलाय, त्याच वेळेला गेटवर या. उशिरा नको हे सगळ्यांनाच कळतं. लवकरही नको, हे मात्र पटवून द्यावं लागतं.

आपल्याकडे लग्नात पहिल्या पंगतीला बसण्याची जी घाई असते, तीच घाई धक्क्यावर दिसते. चेक-इन बाराला सुरू होणार, म्हणून अकरापासून माणसं गेटसमोर उभी. यात होतं काय, त्याचा हिशेब करू. समजा, बोटीला १८०० प्रवासी आहेत आणि चेक-इन दुपारी १२ ते ३ आहे. म्हणजे तासाला ६०० माणसं आत गेली पाहिजेत, मिनिटाला १०. आता यातली निम्मी, म्हणजे ९०० माणसं बाराच्या ठोक्यालाच हजर झाली आणि उरलेली तासाला ३०० अशी येत राहिली, तर बारा वाजता रांगेच्या शेवटी उभा राहिलेला माणूस दीड वाजता आत जातो. दीड तास! एक वाजता येणाऱ्याला एक तास लागतो. दोन वाजता येणाऱ्याला अर्धा तास. आणि तीनच्या थोडं आधी येणारा जवळजवळ चालतच आत जातो. पुन्हा सांगतो, जो सगळ्यात लवकर आला, तोच सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला.

बरं, लवकर आत जाऊन तरी मिळतं काय? बोट सकाळी धक्क्याला लागते, आधीच्या फेरीचे प्रवासी उतरतात, मग प्रत्येक केबिनच्या चादरी, टॉवेल, बाथरूम सगळं नव्यानं करायचं असतं. केबिनची किल्ली हातात पडायला दुपारचा दीड-दोन वाजतोच. तोवर हातातली बॅग घेऊन डेकवर बसायचं.

बॅलार्ड पियरचं नवं क्रूझ टर्मिनल मोठं आहे, हे खरं. २० सप्टेंबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं, चेक-इन आणि इमिग्रेशन मिळून ७२ काउंटर आहेत. पण गोव्याच्या बोटीला इमिग्रेशन लागतच नाही, त्यामुळे ते काउंटर तुमच्या कामाचे नाहीत. शिवाय रांग अडते ती बहुतेक वेळा काउंटरवर नाही, सामानाच्या स्कॅनरवर. एका बॅगेत काही संशयास्पद दिसलं की पट्टा थांबतो, आणि मागचे सगळे थांबतात.

आता याच धक्क्याची एक गोष्ट. ती मला फार आवडते, आणि आजच्या विषयाचं मर्म तिच्यातच आहे.

बॅलार्ड पियरला लागून जी गोदी आहे, आजची इंदिरा गोदी, ती १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक म्हणून सुरू झाली. ती खणताना निघालेल्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. गोदीला दरवाजे आहेत, आतलं पाणी अडवून धरलेलं असतं, बोटीला भरती पाहून आत-बाहेर करावं लागतं. बॅलार्ड पियरचा धक्का मात्र या दरवाजांच्या बाहेर, मोकळ्या पाण्यावर. बोटीनं यायचं आणि लागायचं. विलायतेची टपाल आणणाऱ्या बोटींना असाच धक्का हवा होता, कारण त्यांना वेळेचं बंधन होतं. टपाल उशिरा पोचली तर ती वाहणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीला करारानुसार दंड भरावा लागे.

ही टपाल यायची कशी? लंडनहून निघालेली पत्रं आगगाडीनं युरोपच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत, तिथून सुएझमार्गे येमेनमधल्या एडन बंदराला, आणि एडनहून बोटीनं मुंबईला. हजारो पत्रांच्या थैल्या एकदम धक्क्यावर उतरणार. मग त्या उघडायच्या, पुण्याची पत्रं वेगळी, लाहोरची वेगळी, कलकत्त्याची वेगळी, मद्रासची वेगळी करायची, पुन्हा बांधायची आणि मग गाडीत चढवायची. तोपर्यंत गाडी उभी, प्रवासी खोळंबलेले.

यावर टपाल खात्यानं १८६८ साली एक तोड काढली. बोटीवरच पोस्ट ऑफिस थाटलं! सी पोस्ट ऑफिस. सुरुवातीला मुंबई ते सुएझ, पुढे मुंबई ते एडन. टपाल खात्याची माणसं मुंबईहून बोटीनं जायची आणि परतीच्या बोटीवर चार-पाच दिवस, हलत्या जहाजात, पावसाळ्यातल्या खवळलेल्या अरबी समुद्रात, थैल्या फोडून एकेक पत्र त्याच्या खणात टाकत बसायची. कल्पना करा, बोट एका बाजूला कलतेय, भिंतीवर खणांची रांग, आणि हा माणूस एका हातानं टेबल धरून दुसऱ्या हातानं पत्र टाकतोय. मुंबईचा किनारा दिसेपर्यंत सगळं काम संपलेलं. थैल्या नव्यानं बांधलेल्या, लाखेचं सील लागलेलं, गाव लिहिलेलं. बोट धक्क्याला लागली की थैली उचलायची आणि गाडीत टाकायची, बस. १९१४ पर्यंत, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत, हे समुद्रावरचं पोस्ट ऑफिस चाललं.

पुढे प्रवाशांसाठीही अशीच सोय झाली. धक्क्यावरच रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल. १ सप्टेंबर १९२८ ला बी. बी. अँड सी. आय., म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं फ्रंटियर मेल सुरू केली, मुंबईहून दिल्ली, लाहोर, पेशावर. बोटींच्या हंगामात ही गाडी या मोल स्टेशनातून सुटायची. विलायतेहून आलेला माणूस बोटीतून उतरला, कस्टम झालं, की समोर गाडी. टांगा नाही, हमालाशी घासाघीस नाही, रात्रीचा मुक्काम नाही. आणि त्या गाडीचा वक्तशीरपणा असा, की सुरू झाल्यावर अकरा महिन्यांनी, ऑगस्ट १९२९ मध्ये, ती एकदा पंधरा मिनिटं उशिरा पोचली, तर चौकशी लागली! पंधरा मिनिटांसाठी ड्रायव्हरकडून खुलासा मागितला. फाळणीनंतर ही गाडी अमृतसरला थांबायला लागली आणि १९९६ पासून तिचं नाव गोल्डन टेंपल मेल झालं. आजही ती मुंबई सेंट्रलहून सुटते.

माझं स्पष्ट मत आहे, की या मोल स्टेशनची आणि सी पोस्टची गोष्ट टर्मिनलच्या प्रतीक्षागृहात मोठ्या अक्षरांत, मराठीत लावली पाहिजे. रांगेत उभ्या असलेल्या मुलांना वाचायला काहीतरी मिळेल. आणि क्रूझवर एवढा खर्च होतोय, तर जयगड, विजयदुर्ग, मालवण, पणजी अशी पूर्वी धावणारी आपली कोकणची बोट बारमाही नाही तरी हंगामात रोज धावायला काय हरकत आहे? चाकरमान्याला बोट हवीय. असो.

तर सी पोस्टच्या त्या माणसांनी काय केलं? धक्क्यावर करायचं काम धक्क्याच्या आधी उरकलं. तुम्हीही तेच करायचं. धक्क्यावरचं काम घरी उरकायचं.

काय काय उरकायचं? वेब चेक-इन. ते सुरू झाल्या झाल्या करा, कारण सोयीचे स्लॉट आधी संपतात. बोर्डिंग पास छापून घ्या, फोनची बॅटरी गेटवरच संपते. ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स नको. देशातल्या देशात फिरणाऱ्या बोटीला आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट यांपैकी काहीही. बोट परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट, आणि तो प्रवासानंतर किमान सहा महिने चालणारा. लहान मुलांचंही आधार किंवा जन्मदाखला घ्या. अमेरिकेहून आलेला भाऊ, दुबईहून आलेली मावशी सोबत असेल, तर ज्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट आहे त्यांनी ओसीआय कार्ड किंवा व्हिसाही मूळ आणायचा. आणि नाव तिकिटावर अगदी ओळखपत्राप्रमाणेच हवं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, ही काउंटरवर अडण्याची नेहमीची जागा. घरात कुणी गरोदर असेल, तर बहुतेक कंपन्या चोविसाव्या आठवड्यापासून चढू देत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात. सहा महिन्यांखालच्या बाळालाही घेत नाहीत. हे बुकिंग करतानाच विचारा, गेटवर नाही.

सामान. मोठ्या बॅगेला केबिन नंबरचा टॅग लावून ती गेटजवळ हमालाकडे द्यायची असते. टॅग हँडलभोवती गुंडाळून चांगला स्टेपल करा, वर चिकटपट्टी लावा, आणि आत एक चिठ्ठी नाव-फोनसह टाका, कारण टॅग फाटतात. ही बॅग केबिनच्या दारात यायला संध्याकाळही होते. म्हणून ओळखपत्रं, रोजची औषधं, चष्मा, चार्जर आणि एक जोडी कपडे खांद्याच्या बॅगेत. मोठ्या बॅगेत पासपोर्ट राहून गेला, तर ती शेकडो बॅगांतून शोधून काढेपर्यंत तुमचा स्लॉट गेलाच म्हणून समजा.

आणि बॅग स्कॅनरला अडू नये म्हणून इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड घरी ठेवा. केबिनमध्ये आग लागू शकेल असं काहीही चालत नाही. मेणबत्ती, उदबत्ती, कापूर, निरांजन तर नाहीच. आजोबांचा अडकित्ताही काढून ठेवा. घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक बोटींवर घेत नाहीत.

आता उशिराचं. बोट संध्याकाळी पाचला सुटणार, म्हणून साडेचारला आलात तर बोट समोर दिसेल आणि तुम्ही बाहेर असाल. बोट सुटण्याच्या तास-दीड तास आधी गेट बंद होतं, परदेशच्या फेरीला त्याहीआधी. नेमकी वेळ तुमच्या तिकिटावर छापलेली असते, ती वाचा. इतक्या आधी का? प्रवाशांची यादी नक्की करून द्यायची असते, आणि सुरक्षेचा सराव, ज्याला मस्टर ड्रिल म्हणतात, तो बोट हलण्याआधी किंवा हलताच व्हावा लागतो. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आपटली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. पूर्वी सरावाला चोवीस तासांची मुभा असायची. १ जानेवारी २०१५ पासून ती गेली. लाइफ जॅकेट कुठे आहे, आपल्याला कुठल्या ठिकाणी जमायचंय, हे त्या सरावात नीट ऐका. मनापासून सांगतो, मोबाइल खिशात ठेवून ऐका.

पोचायचं कसं? सीएसएमटीहून टॅक्सीनं दहा मिनिटं. टॅक्सीवाल्याला बॅलार्ड पियर, ग्रीन गेट असं सांगा. ॲपमध्ये क्रूझ टर्मिनल टाकलं आणि भाऊच्या धक्क्यावर उतरलात, तर तो माझगावच्या बाजूला, अगदी वेगळ्या ठिकाणी आहे. पुण्याहून येणाऱ्यांना डेक्कन क्वीन बरी, सकाळी ७.१५ ला निघून १०.२५ ला सीएसएमटी. दुपारच्या स्लॉटला मध्ये जेवायलाही वेळ मिळतो. रविवारी मेगाब्लॉक पाहून निघा. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी त्या भागातले रस्ते बंद असतात. नाशिक, कोल्हापूरकरांनी आदल्या दिवशीच मुंबईत यावं.

पोचवायला येणाऱ्यांनी मात्र घरीच हातावर दहीसाखर ठेवावी. गेटच्या आत फक्त प्रवासी जातात, आणि एका माणसामागे पोचवायला आलेली पाच माणसं गेटचा रस्ता अडवतात.

व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो आणि बोट त्याप्रमाणे वर-खाली होते, त्यामुळे गँगवेचा, म्हणजे बोटीवर चढायच्या पुलाचा, चढ बदलत राहतो. तो पुन्हा बसवताना काही मिनिटं चढणं थांबतं. गुडघेदुखीवाल्यांनी पौर्णिमा-अमावास्या बघून मदतनीस मागून ठेवलेला बरा.

परतीच्या दिवशी मोठ्या बॅगा आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवाव्या लागतात आणि टॅगच्या रंगाप्रमाणे माणसं उतरवतात. आपलं सामान आपणच उचलणारे सगळ्यात आधी बाहेर पडतात. तरी गाडीचं तिकीट दुपारी दोननंतरचंच काढा. पुण्याला जाणाऱ्यांसाठी संध्याकाळी ५.१० ची डेक्कन क्वीन आहेच.