पंचवीस तासांचा दिवस

[दृश्य: पहाट. जहाजाची मागची बाजू. पाण्यावर उमटलेला पांढरा पट्टा लांबवर गेलेला.]

हा अटलांटिक महासागर. मागे राहिलं ग्रॅन कनारिया बेट, पुढे आहे कॅरिबियनमधलं सेंट लुसिया, आणि मधे सुमारे 2,700 सागरी मैल नुसतं पाणी. किलोमीटरमध्ये मोजलं तर पाच हजार. सहा दिवस बंदर नाही. आज तिसरा दिवस.

नोव्हेंबर लागला की भूमध्य समुद्रातली बरीच पर्यटन जहाजं थंडी टाळायला कॅरिबियनकडे निघतात. अशाच एका जहाजावर बेळगावच्या शहापुरातलं एक जोडपं आहे. काकांचं उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप होतं. काकू खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला, मराठी शाळेत शिकवायच्या. त्या भागात त्यांना अजूनही सगळे 'बाई' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

[दृश्य: केबिन. टेबलावर दोन मनगटी घड्याळं.]

"अहो, उठा की ओ. सात वाजले."

"कुठले सात? तुझे का जहाजाचे?"

या प्रश्नाला इथे खरंच अर्थ आहे. पश्चिमेकडे जाताना सहा रात्रींत चार वेळा घड्याळ तासभर मागे घ्यावं लागतं. काल रात्री दुसऱ्यांदा घेतलं, म्हणजे कालचा दिवस पंचवीस तासांचा झाला. काकांनी आपलं घड्याळ मागे केलं. बाईंनी मात्र आपलं बेळगावच्या वेळेवरच ठेवलंय. नातू शाळेतून किती वाजता येतो, हे त्यांना त्यावरून कळतं.

सहलीच्या पत्रकात अशा दिवसांपुढे 'सी डे' एवढंच छापलेलं असतं. बंदरांचे फोटो असतात, बाजारांचे असतात, समुद्राच्या दिवसाचा एकही नाही. पुष्कळांना हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. मला तसं वाटत नाही. बंदरात बस येते, गाईड येतो, दोन तासांत गाव उरकतं. पृथ्वी केवढी आहे हे कळतं ते इथे, जिथे दिवसभर चालूनही चहूकडे क्षितिज तेवढंच दूर राहतं.

न्याहारीचं थोडक्यात सांगतो. इडलीपासून ऑम्लेटपर्यंत सगळं आहे, आणि बाईंच्या पिशवीत शेंगाचटणीची डबी आहे.

[दृश्य: डेकवरची चालण्याची वाट. काका कठड्यावर तळहात टेकून उभे.]

काका काय करतायत ते बघा. ते समुद्र बघत नाहीयेत, जहाजाची थरथर ऐकतायत. आयुष्यभर लेथच्या आवाजावरून बेअरिंग कुठे घासतंय ते ओळखणारा माणूस आहे हा. काल थिएटरमध्ये जहाजाच्या मुख्य इंजिनिअरने माहिती सांगितली, तेव्हा काका पहिल्या रांगेत बसले होते. इथली डिझेल इंजिनं जहाज पुढे ढकलणारा पंखा थेट फिरवत नाहीत. ती वीज तयार करतात, त्या विजेवर मोटारी चालतात आणि मोटारी पंखा फिरवतात. त्याच विजेवर स्वयंपाकघर, लिफ्ट आणि एसी चालतो. पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखी पाती बाहेर काढलेली असतात. लाट जहाजाला एकीकडे झुकवू लागली की पाती कोन बदलतात आणि डोलणं कमी होतं.

"चहाचा कप हलत नाही बघ," काका म्हणतात. "एवढं मोठं धूड आणि कप हलत नाही."

बाईंची चौकशी वेगळीच होती. हजारो माणसं, रोज आंघोळी, एवढे कपडे धुवायचे, पाणी येतं कुठून? बेळगावला पाणी देणारं राकसकोप धरण भरलं की नाही, हे दर पावसाळ्यात विचारणाऱ्या गावची बाई हाच प्रश्न विचारणार. उत्तर असं की बरंचसं पाणी जहाजच तयार करतं. हवेचा दाब कमी केला की समुद्राचं पाणी 100 अंशांच्या पुष्कळ आधीच उकळतं. इंजिनाची वाया जाणारी उष्णता त्याला पुरते. वाफ थंड केली की गोडं पाणी. शिवाय दाब देऊन पडद्यातून गाळून घेण्याचीही सोय असते. हे काम किनाऱ्यापासून लांब, स्वच्छ पाण्यातच करतात. म्हणजे आपण ज्याला रिकामा दिवस म्हणतो, तो जहाजाचा पाणी भरायचा दिवस.

[दृश्य: दुपार. ध्वनिक्षेपकावर कप्तानाचा आवाज.]

बारा वाजता कप्तान जहाज कुठे आहे ते सांगतो. वेग 19 नॉट, म्हणजे ताशी 35 किलोमीटर. पश्चिम रेखांश 35 अंश. खाली चार हजार मीटरांहून जास्त खोली. वारा ईशान्येकडून.

बाईंची वही लगेच बाहेर येते. चौथीच्या वर्गाला शिकवलेलं गणित: एका रेखावृत्ताला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्ताची. इथले 35 मिळवले की एकशे साडेसतरा. गुणिले चार, चारशे सत्तर मिनिटं. सात तास पन्नास मिनिटं.

पण जहाजावर बारा वाजले तेव्हा बाईंच्या मनगटावरच्या, बेळगावच्या घड्याळात साडेसातच वाजलेत. वीस मिनिटं कुठे गेली?

काका म्हणतात, "जहाजाचं घड्याळ तासातासानंच सरकतंय. मधली मिनिटं कोण मोजालंय?"

"मी मोजालोय की," बाई म्हणतात, आणि वहीत लिहून ठेवतात.

शाळेत असताना त्या मुलांना कणकुंबीचं पाणी दाखवायच्या. त्याच तालुक्यातून मलप्रभा पूर्वेला निघते आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात तिची मांडवी होते आणि ती अरबी समुद्र गाठते. "एवढं शिकवलं, पण ही पाणी जातात तो समुद्र केवढा ते मला कुठं ठाऊक होतं?" बाई हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. मोठ्या वयात माणूस अशा उत्साहाने शिकताना दिसणं मला फार मोलाचं वाटतं.

कोलंबस 1492 साली याच कनारी बेटांतून निघाला आणि याच वाऱ्यावर पश्चिमेला आला. 6 सप्टेंबरला निघून 12 ऑक्टोबरला त्याला जमीन दिसली. 36 दिवस. शिडाच्या लहान जहाजांत, पिंपात भरून घेतलेल्या पाण्यावर.

[दृश्य: चार वाजलेले. पाण्यातून उडणारे मासे.]

"अगं, ते बघ!"

पाखरं नव्हेत, ते उडणारे मासे. जहाजाच्या चाहुलीने पाण्याबाहेर उसळतात, पंखांसारखे पर पसरून पन्नासेक मीटर सहज तरंगत जातात आणि पुन्हा पाण्यात. दोघं तासभर तिथून हलले नाहीत. वरच्या मजल्यावर प्रश्नमंजूषा, नाच, लिलाव सगळं चाललं होतं.

[दृश्य: रात्रीचं जेवण.]

या टेबलावर वाढणारा तरुण गोव्याचा, बार्देसचा. गोव्यातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर नोकरी करत आलीत. याचा करार नऊ महिन्यांचा. चोवीस तासांत किमान 10 तास विश्रांती, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उरलेले तास किती लांब असतात ते त्याच्या पायांना विचारावं. प्रवाशांचा निवांत दिवस अशा माणसांच्या उभ्या दिवसावर चालतो, आणि या फिल्ममध्ये ते सांगितलंच पाहिजे.

दोघं बेळगावचे म्हटल्यावर तो कोकणी-मराठीवर आला. "आमच्या घरी भाजी बेळगावचीच. लहानपणापासून तीच खाल्ली."

बाईंनी विचारलं, "घरी कधी जाणार तू?"

"मार्चात."

"मग एकदा चोर्ला घाट चढून ये की. आईला पण घेऊन ये. आमच्याकडं जेवायलाच या."

"आणि रविवारी येऊ नकोस," काका म्हणाले, "घाटात गर्दी असती."

बाईंनी वहीतलं पान फाडून पत्ता लिहून दिला. त्याने तो खिशात ठेवला आणि पलीकडच्या टेबलावर सूप घेऊन गेला.